आधी पेटीचे वजन, मग गाडी

कळंबोलीच्या एका वजनकाट्यावर मिळालेल्या दोन पावत्या मी घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये जपून ठेवल्या आहेत. पहिली पावती भाड्याने आणलेल्या रिकाम्या टेम्पोची आहे आणि दुसरी त्याच टेम्पोवर आमची कॅम्परची पेटी, म्हणजे पिकअपवर ठेवायची छोटी राहती खोली, चढवल्यानंतरची. दोन्ही आकड्यांतला फरक ५२० किलो आहे. ज्या कारागिराने ती पेटी बांधली, त्याने काम सुरू होण्यापूर्वी मला "काका, साडेचारशेच्या वर जाणार नाही" असे मनापासून सांगितले होते, आणि त्यात फसवणुकीचा काही हेतू नव्हता. सांगाड्याचे ॲल्युमिनियम आणि भिंतींची पॅनेले त्याने नीट मोजली होती, पण प्लायवूड, बिजागऱ्या, स्क्रू, सीलंट आणि खिडक्यांच्या काचा यांचे वजन त्याने अंदाजाने धरले होते. या ७० किलोंनी माझी गाडीची निवड बदलली. पिकअपवर ठेवता येईल अशी राहती पेटी घेऊन प्रवास करण्याचा विचार मराठी घरांत आता होऊ लागला आहे आणि परिचितांपैकी अनेक जण मला "कोणती गाडी घ्यावी?" असे विचारतात, म्हणून मी गाडी कशी निवडली ते सविस्तर लिहीत आहे.

आम्ही मुलुंडला राहतो. पत्नीला गेली काही वर्षे मूत्रमार्गाचा त्रास आहे आणि तिला दर दीड-दोन तासांनी स्वच्छ स्वच्छतागृह लागते. कोकणात किंवा देशावर जाताना तशी सोय मिळेलच याची खात्री नसल्यामुळे ती निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करत असे, आणि प्रवासाहून परतल्यावर हमखास आजारी पडत असे. मुंबईच्या आसपास राहणाऱ्या किती स्त्रिया असा प्रवास करतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला आमची गरज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मोठी कॅराव्हॅन व्हॅन घेण्याचा पर्याय होता; परंतु सोसायटीत आम्हाला एकच जागा मिळते आणि तिथे वर्षभर तेवढी गाडी उभी करणे शक्य नव्हते. पिकअपवरची सुटी पेटी मात्र चार पायांच्या जॅकवर उभी करून मेहुण्यांच्या कर्जतच्या घराच्या पडवीत ठेवता येते. गाडी मुलुंडला, पेटी कर्जतला, आणि निघायचे त्या दिवशी कर्जतला जाऊन गाडी मागे घेत पेटीखाली सरकवायची, अशी ही व्यवस्था आहे.

"कोणती गाडी घ्यावी?" या प्रश्नाचे उत्तर गाडीपासून सुरू होत नाही. ते पेटीपासून सुरू होते. प्रत्येक गाडीच्या नोंदणी पुस्तकात, म्हणजे आपण ज्याला आरसी म्हणतो त्यात, दोन वजने दिलेली असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की राहते ती भारक्षमता. बोलताना आपण तिला पेलोड म्हणतो. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, तीत चालकाचे वजन धरलेले नाही, ही बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे पेटीत पाण्याचा एक थेंब पडण्यापूर्वीच तुम्ही, तुमच्या शेजारी बसणारी व्यक्ती आणि तिच्या मांडीवरची पिशवी एवढे सगळे भारक्षमतेतून वजा झालेले असते.

आमचा हिशेब मी वहीत मांडला तो असा. पेटी ५२० किलो. ती उचलून धरणारे चार कोपऱ्यांतले जॅक मिळून ६० किलो. पिण्याचे व वापराचे पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. पाण्याच्या बाबतीत लिटर आणि किलो एकच असल्यामुळे इथे चूक होण्यास वाव नाही, तरीही पेटी विकणारे नेहमी कोरड्या पेटीचेच वजन सांगतात. लिथियम बॅटऱ्या २५ किलो. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी एकच मोठी ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोंच्या पुढे जाते, म्हणून इथे मी जास्त पैसे मोजले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. छतावरची दोन सौर पॅनेले ४० किलो, लहान फ्रिज १८ किलो, भरलेले सुटे स्वच्छतागृह २२ किलो, शेगडी आणि छोटा सिलिंडर १७ किलो, कपडे व अंथरूण-पांघरूण ५० किलो, भांडी व शिधा ४५ किलो, खुर्च्या, घडीचे टेबल, हत्यारे आणि दोर मिळून ४८ किलो, आणि आम्हा दोघांचे १४० किलो. एकूण १०६५ किलो.

हा आकडा जुळला म्हणून १०६५ किलो भारक्षमतेची गाडी पुरेल असे समजणे मला धोक्याचे वाटते. माझा नियम असा आहे की नेहमीचा भार भारक्षमतेच्या ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मालवाहू गाडी कधी भरलेली, कधी रिकामी अशी फिरते. आमची गाडी मात्र प्रवासाला निघाली की दिवसरात्र, चढावर आणि उतारावर, खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर तोच भार वाहत असते, आणि तो भार उंचही असतो. शिवाय घराप्रमाणे पेटीतही वस्तू वाढतच जातात. पहिल्या सहलीनंतर पत्नीने लोखंडी तवा आणि मी पुस्तकांची पेटी आत आणून ठेवली, तेव्हा हे मला कळले. १०६५ किलो हे ८० टक्के धरले, तर हवी असलेली भारक्षमता सुमारे १३३० किलो होते.

ज्या देशात ही पद्धत रुजली, त्या अमेरिकेतही भारक्षमता अंदाजाने धरण्याची चूक वारंवार होते. तिथे पिकअपना अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशी नावे आहेत, पण ती आता केवळ वर्गाची नावे उरली आहेत. प्रत्यक्ष भारक्षमता त्या नावांशी जुळत नाही. एकाच मॉडेलची केबिन मोठी घेतली, चारचाकी ओढ (फोर-व्हील ड्राइव्ह) घेतली, जड इंजिन किंवा महागडी सजावट घेतली की तेवढे वजन भारक्षमतेतून जाते. म्हणून तिथे दाराच्या चौकटीवर त्या एका विशिष्ट गाडीसाठी माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल याची छापील चिकटपट्टी (स्टिकर) लावलेली असते, आणि जाणती माणसे माहितीपत्रक बाजूला ठेवून ती चिकटपट्टी वाचतात. तिथल्या मोठ्या कॅम्पर पेट्या सहज टनाच्या पुढे जातात आणि त्यांच्यासाठी मागे जोडचाके असलेली ट्रक घेतली जाते. आपल्याकडे ती चिकटपट्टी नाही. आपल्यासाठी आरसी आणि वजनकाटा हीच दोन साधने आहेत.

आता आपल्या बाजाराकडे येतो. इथे पिकअपचे दोन वेगळे संसार आहेत आणि ते बाहेरून एकसारखे दिसत असले तरी आतून फार भिन्न आहेत. पहिल्यात टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या चार दारांच्या, पाच माणसे बसवणाऱ्या गाड्या येतात. मी दोन्ही चालवून पाहिल्या. हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन २०४ अश्वशक्ती देते, व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे १६३. बसायला त्या मोटारीसारख्या आरामशीर आहेत आणि सुरक्षेची उपकरणेही चांगली आहेत. पण भारतात त्यांची कागदोपत्री भारक्षमता एका टनाच्या बरीच खाली आहे आणि हौदा जेमतेम पाच फुटांचा आहे. याउलट टाटा योद्धाचे २.२ लिटरचे इंजिन १०० अश्वशक्तीचे असून तिच्या सर्वांत मोठ्या प्रकाराची भारक्षमता २००० किलो आहे. इंजिनाची ताकद आणि भार पेलण्याची क्षमता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मला या दोन आकड्यांनी जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही विक्रेत्याने केले नाही. भार इंजिन उचलत नाही. तो चेसिस, कमानपाटे (लीफ स्प्रिंग), ॲक्सल, चाके आणि टायर उचलतात, आणि ब्रेक तो थांबवतात.

दुसऱ्या संसारात महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा इंट्रा अशा एकेरी केबिनच्या व्यापारी गाड्या आहेत, ज्या आपण रोज भाजी, दूध आणि सळ्या वाहताना पाहतो. त्यांची भारक्षमता प्रकारानुसार १००० पासून २००० किलोंपर्यंत जाते आणि हौदा आठ ते दहा फुटांचा मिळतो. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. बोलेरो कॅम्पर नावाची गाडी आहे, आणि केवळ नावावरून ती कॅम्परसाठीच केली असावी असे समजून माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तिची नोंदणी करायला निघाले होते. ती दोन ओळींच्या केबिनची मालवाहू पिकअप आहे. माणसे आणि थोडा माल एकत्र नेण्यासाठी ती उत्तम आहे, पण तिची भारक्षमता एक टनाच्या आसपास आणि हौदा आखूड असल्यामुळे आमच्या पेटीला ती पुरली नसती.

आखूड हौद्यावर लांब पेटी ठेवल्यास काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पेटी तयार झाली तेव्हा आमच्याकडे स्वतःची गाडी नव्हती, म्हणून एका स्नेह्याची चार दारांची पिकअप चाचणीसाठी मागून घेतली. पेटीचा तळ आठ फुटांचा आणि हौदा पाच फुटांचा असल्यामुळे मागचा फाळका काढून ठेवला आणि पेटी तीन फूट बाहेर राहिली. कल्याण, मुरबाड करत माळशेजकडे निघालो. मुरबाड मागे पडल्यावर स्टिअरिंग हलके लागू लागले; वळणावर चाक फिरवले की गाडी क्षणभर विचार करून मग वळल्यासारखी वाटत होती. अंधार पडला तसे समोरचे प्रत्येक वाहन दिव्यांची उघडझाप करू लागले, कारण आमच्या गाडीचे नाक वर उचलले गेले होते आणि प्रकाशझोत समोरच्या चालकांच्या डोळ्यांत जात होता. टोकावड्याला मी गाडी बाजूला घेतली, पत्नीशी बोललो आणि घाट चढण्यापूर्वीच तिथून मागे फिरलो. तो निर्णय योग्य होता, असे मला आजही मनापासून वाटते.

घरी आल्यावर कागदावर आकडे मांडले, तेव्हा कारण समजले. समजा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर ३ मीटर आहे आणि पेटीचे सामानासह वजन ९०० किलो आहे. पेटीचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ५० सेंटिमीटर मागे पडला, तर तरफेच्या नियमाप्रमाणे पुढच्या ॲक्सलवरचे १५० किलो वजन उचलले जाते आणि मागच्या ॲक्सलवर ९०० ऐवजी १०५० किलो येतात. पुढची चाकेच गाडी वळवतात आणि ब्रेकचा मोठा भाग तीच सांभाळतात. त्यांच्यावरचे १५० किलो गेल्यावर दोन्ही कामे कच्ची होतात. तोच गुरुत्वमध्य ॲक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे आणला, तर पुढच्या ॲक्सलवर ६० किलो वाढतात आणि मागच्यावर ८४० येतात. पेटी तीच, वजन तेच, फक्त ७० सेंटिमीटरचा फरक. म्हणून पेटीचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या वर किंवा थोडा पुढेच असला पाहिजे, आणि ज्या गाडीत तो तसा बसत नाही ती गाडी भारक्षमता कितीही असली तरी आपली नाही.

गुरुत्वमध्य शोधणे अवघड नाही. वजनकाट्याच्या फलाटावर पेटीचे पुढचे दोन जॅक ठेवायचे आणि मागचे दोन फलाटाबाहेर, त्याच पातळीवर. मग उलट करायचे. दोन वजनांचे गुणोत्तर आणि जॅकमधले अंतर यांवरून मध्य कुठे आहे ते निघते. काट्यावरच्या मुलाने सुरुवातीला आमच्याकडे आश्चर्याने पाहिले, पण नंतर त्यानेच जॅकखाली लाकडी ठोकळे लावून पातळी जुळवून दिली. अमेरिकेत चांगले उत्पादक पेटीच्या बाजूवर गुरुत्वमध्याची खूण करून देतात; आम्हीही तिथे लाल रंगाची उभी रेघ ओढली. मग पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या मागच्या भिंतीपासून काढून पुढच्या बाजूला, जमिनीलगत बसवून घेतल्या, त्यामुळे ती रेघ १८ सेंटिमीटर पुढे सरकली. गाडी पाहायला जाताना मी टेप घेऊन जात असे आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर आधी मोजत असे.

आपल्या व्यापारी पिकअपच्या हौद्याबद्दल माहितीपत्रके फारसे बोलत नाहीत, पण पेटीसाठी ही बाब निर्णायक आहे. हायलक्स किंवा व्ही-क्रॉसच्या हौद्यात दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे आत येतात, त्यामुळे पेटीचा तळ अरुंद करून वरचा भाग रुंद करावा लागतो. बोलेरो किंवा योद्धासारख्या गाडीचा हौदा चाकांच्या वर सपाट बांधलेला असतो, म्हणून पेटी सरळ चौकोनी बांधता येते. कारागिराचे काम आणि वजन दोन्ही वाचते. मात्र त्याची किंमत उंचीत मोजावी लागते. हौद्याचा तळ जवळजवळ कमरेइतका उंच असल्यामुळे त्यावर आत उभे राहता येईल अशी पेटी ठेवली की एकूण उंची पावणेतीन मीटरच्या पुढे जाते, गुरुत्वमध्य वर चढतो आणि गाडी वळणावर अधिक झुकते. मुंबईत ही उंची रोज आडवी येते: सोसायटीची कमान, तळघरातले पार्किंग, काही पुलांपाशी लावलेले उंचीरोधक लोखंडी आडवे खांब. मी आमच्या नेहमीच्या वाटेवरच्या अशा सगळ्या जागांची उंची वहीत लिहून घेतली आहे, आणि पेटीची उंची चालकाला दिसेल अशी केबिनमध्ये चिकटवली आहे.

छत वर उचलता येणारी, कापडी बाजूंची पेटी घेतली असती तर उंची आणि वजन दोन्ही कमी झाले असते. कोरड्या हवेच्या प्रदेशासाठी मी तीच सुचवीन. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापड वाळत नाही, त्याला बुरशी धरते, आणि आम्हाला नेमके पावसाळ्यातच सह्याद्रीत जायचे असते. म्हणून घट्ट भिंतींची पण आतून १८५ सेंटिमीटर उंचीची पेटी घेतली. माझी उंची १७० असल्याने ती पुरते. वाऱ्याचा विचारही इथेच केला पाहिजे. अटल सेतूचा २१.८ किलोमीटरपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे, आणि आडव्या वाऱ्यात उंच पेटी घेऊन जाताना मी वेग ताशी ६० च्या आत ठेवतो.

गाडी शोधत असताना अनेकांनी सुचवले की कमी भारक्षमतेची गाडी घ्या आणि मागे एक पाटा वाढवून घ्या. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. वाढीव पाट्याने गाडीची मागची बाजू बसत नाही, एवढेच होते. आरसीतले कमाल वजन त्याने बदलत नाही, ॲक्सल जाड होत नाही, ब्रेक मोठे होत नाहीत, चेसिसला बळ मिळत नाही. उलट जे खाली बसून दिसत होते ते ओझे आता दिसेनासे होते. मूळ गाडी पुरेशी असेल आणि उंच भारामुळे होणारे झुकणे कमी करायचे असेल, तर कमानपाट्यांचे काम करून घेण्यात अर्थ आहे. टायरचेही तसेच. टायरच्या बाजूवर आकाराच्या पुढे भारनिर्देशांक छापलेला असतो. ११२ असेल तर तो टायर ११२० किलो पेलतो, दोन मिळून २२४०, आणि तेही पूर्ण हवा असताना. मागच्या ॲक्सलवर काट्यावर प्रत्यक्ष मोजलेले वजन या आकड्याच्या बरेच आत हवे. टायर कोणत्या आठवड्यात आणि वर्षी तयार झाला ते चार आकड्यांत लिहिलेले असते, तेही पाहावे.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेर नव्हती, पण पेटीवर आधीच बराच खर्च झाला होता, म्हणून वापरलेली घ्यायचे ठरले. भिवंडी, तुर्भे आणि कळंबोली मिळून अकरा गाड्या पाहिल्या. मुंबईत वापरलेली पिकअप घेताना तिने आधी काय वाहिले, हा पहिला प्रश्न असावा. ससून डॉक किंवा भाऊचा धक्का इथून मासळी आणि बर्फ वाहिलेल्या गाडीत खारे पाणी वर्षानुवर्षे हौद्यातून चेसिसवर ठिबकलेले असते. वरून रंग दिला की ती नवी दिसते. सळ्या आणि रेती वाहिलेल्या गाडीने जास्तीचे ओझे सोसलेले असण्याची शक्यता असते. तुर्भ्याच्या एका वयस्कर मेकॅनिकने मला जे दाखवले ते मी विसरणार नाही. "काका, रंग बघू नका. हा हँगर जिथे चेसिसला जोडलाय, त्याच्या मागे बोट फिरवा," असे म्हणून त्यांनी माझा हात धरून तिथे नेला. कमानपाट्यांचा हँगर जिथे चेसिसला जोडलेला असतो, त्या रिवेटांभोवती केसाएवढी चीर बोटाला लागली. बाहेरून ती गाडी अकरांतली सर्वांत देखणी होती. त्यानंतर प्रत्येक गाडीखाली मी टॉर्च घेऊन आडवा झालो: हँगर, यू-बोल्ट, पाट्यांच्या कडा, केबिनच्या मागे चेसिसला पडलेला बाक, आणि मागच्या टायरची आतली बाजू जास्त झिजली आहे का, ते पाहिले.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. पेटी चेसिसला कायमची जोडणे, केबिनची मागची भिंत कापून आत वाट करणे, हे त्या कक्षेत येते. म्हणून आमची पेटी सुटी आहे, हौद्याचे काहीही कापलेले नाही, आणि तरीही पहिल्या प्रवासापूर्वी मी छायाचित्रे आणि काट्याच्या पावत्या घेऊन आरटीओत जाऊन विचारून आलो. प्रत्येकाने तसे करावे. जास्त वजन भरल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा मला घाटातल्या ब्रेकची काळजी अधिक वाटते. मालवाहू गाडीच्या मागे धावत्या प्रवासात कोणीही बसायचे नाही, मग आत कितीही आरामाचा पलंग असो. आमची नात हट्ट करते, तरी हा नियम आम्ही मोडत नाही.

व्यापारी गाडी म्हणजे पिवळी पाटी आणि तिच्याबरोबर येणारी फिटनेसची पासिंग: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. भरलेले कमाल वजन ३००० किलोंपर्यंत असेल तर कलम ६६ नुसार मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, आणि याच कारणासाठी मी १.३ टनाच्या गाडीवर बरेच दिवस अडून बसलो होतो. परवान्याची कटकट वाचत होती, पण १०६५ किलो म्हणजे तिच्या क्षमतेचे ८२ टक्के होत होते. पेटी खरोखर साडेचारशे किलोंची झाली असती, तर मी हीच गाडी घेतली असती. त्या ७० किलोंमुळे मी १.७ टनाच्या, नऊ फूट हौद्याच्या गाडीकडे वळलो आणि परवाना काढला. परवान्याचा त्रास वर्षातून काही तासांचा आहे. चालकाच्या परवान्याबाबत मात्र दिलासा आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते. सोसायटीत पिवळ्या पाटीच्या गाडीला जागा देण्यावरून दोन बैठका झाल्या; पेटी कर्जतला राहते हे दाखवल्यावर सगळ्यांनी समजून घेतले.

चारचाकी ओढ घेतली नाही. तिचे वजन भारक्षमतेतून जाते आणि डांबरी रस्ता सोडून एवढी उंच पेटी चिखलात न्यायची आमची इच्छाही नाही. इंजिन १०० अश्वशक्तीच्याही आतले आहे. बोरघाटात ट्रकांच्या मार्गिकेत दुसऱ्या गिअरमध्ये चढतो आणि त्याच गिअरमध्ये उतरतो.

पेटी गाडीला आवळून बांधण्याविषयी एकच सांगतो: पट्टे आणि टर्नबकल (फिरवून ताण देता येणारे आकडे) हौद्याच्या पत्र्याला अडकवू नयेत, चेसिसला धरलेल्या कड्यांना अडकवावेत. तळाशी जाड रबराची चटई अंथरावी. त्यामुळे पेटी सरकत नाही आणि ॲल्युमिनियम लोखंडावर घासून, खाऱ्या हवेत दोन्ही कुजण्याचा धोकाही कमी होतो.

पूर्ण पाणी, पूर्ण शिधा आणि आम्ही दोघे केबिनमध्ये बसलेलो, अशी गाडी गेल्या महिन्यात पुन्हा कळंबोलीला नेली. आधी फक्त पुढची चाके फलाटावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. पुढे ११५० किलो, मागे १७२०, एकूण २८७०. आरसीतल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहिले तर भार ११३० किलो भरला, म्हणजे वहीतल्या हिशेबापेक्षा ६५ किलो जास्त, आणि तवा व पुस्तके मिळून त्यातले जेमतेम वीस होतात. तरीही तो क्षमतेच्या दोन तृतीयांशांत आहे आणि दोन्ही ॲक्सल नोंदवलेल्या मर्यादेच्या आत आहेत. उरलेले ४५ किलो कुठून आले ते शोधण्यासाठी येत्या रविवारी कर्जतला पेटी पूर्ण रिकामी करणार आहोत. पत्नीने त्यासाठी घरचा तराजू आधीच गाडीत ठेवला आहे.